महापेची लिस्ट, कॅलिफोर्नियाची नोंदणी: एका डेटा कंपनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

कंपनी नवी मुंबईतली, महापे एमआयडीसीतली. ओळख पटू नये म्हणून तिचे आकडे ढोबळ केले आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. कायद्यांचे तपशील मात्र आहेत तसेच दिले आहेत. नोंद एप्रिल २०२६ अखेरपर्यंतची आहे.

माणसे साठेक. धंदा व्यावसायिक संपर्कयाद्यांचा. अमेरिकेतल्या अमुक कारखान्यात खरेदी कोण बघतो, तमुक रुग्णालयाचे आयटी कोणाकडे आहे, त्याचे नाव, हुद्दा, ईमेल, डायरेक्ट नंबर. या धंद्यात याला नुसते ‘लिस्ट’ म्हणतात. रिसर्चची टीम दिवसा कंपन्यांच्या वेबसाइट, परिषदांच्या वक्त्यांची पाने आणि व्यावसायिक प्रोफाइल चाळून रेकॉर्ड बनवते. व्हेरिफिकेशनची टीम संध्याकाळी साडेसहाला बसते आणि पहाटे साडेतीनपर्यंत फोन करून माणूस अजून त्याच खुर्चीवर आहे का ते तपासते. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात अशा बऱ्याच कंपन्या आहेत. बाहेरच्या पाटीवर बहुतेक ‘आयटी सोल्युशन्स’ असते.

माल दोन प्रकारे विकला जायचा. एक, ऑर्डरीप्रमाणे: ग्राहकाने निकष द्यायचे, कंपनीने त्या निकषांची लिस्ट नव्याने बनवून द्यायची. दुसरा, रेडी लिस्ट: आजवर जमलेल्या मास्टर डेटाबेसमधून चाळून काढायचे आणि रेकॉर्डमागे काही सेंट लावून विकायचे. एकदा जमवलेला रेकॉर्ड दहा जणांना विकता येतो, म्हणून नफा सगळा दुसऱ्यात. एकूण उत्पन्नाचा साधारण दोन तृतीयांश भाग रेडी लिस्टचा होता. मास्टरमध्ये अमेरिकेचे चाळीस लाखांच्या आसपास रेकॉर्ड होते, त्यातले तीन लाख ‘राज्य: कॅलिफोर्निया’ असे. भारतातलेही दीड लाख होते, बहुतेक एचआर आणि खरेदी विभागांतल्या लोकांचे.

घोडे कुठे अडले

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वांत मोठ्या अमेरिकन ग्राहकाकडून पुरवठादारांसाठीची प्रश्नावली आली. अशा प्रश्नावल्या दरवर्षी येतात आणि सेल्सवाले त्या भरून टाकतात. या वेळी त्यात नवा प्रश्न होता: कॅलिफोर्निया, टेक्सस, ओरेगन आणि व्हरमाँट या राज्यांत तुमची ‘डेटा ब्रोकर’ (लोकांची माहिती जमवून विकणारा) म्हणून नोंदणी आहे का? असल्यास क्रमांक द्या, नसल्यास कारण द्या.

सेल्स मॅनेजरने ‘लागू नाही, कंपनी भारतात आहे’ असे लिहून पाठवले. आठ दिवसांत ग्राहकाच्या कायदा विभागाचे उत्तर आले: कारण मान्य नाही, खुलासा येईपर्यंत नवीन ऑर्डर थांबवत आहोत. एका ओळीच्या त्या उत्तराने निम्मी रात्रपाळी रिकामी बसली.

त्या चार राज्यांचे कायदे थोडक्यात समजून घेतले पाहिजेत. व्हरमाँट या छोट्या राज्याने २०१८ मध्ये असा पहिला कायदा केला. ज्या माणसाशी तुमचा थेट संबंध नाही त्याची माहिती जाणूनबुजून गोळा करून तिसऱ्याला विकत असाल, तर दरवर्षी राज्याकडे नाव नोंदवा आणि शंभर डॉलर भरा, असा तो साधा कायदा आहे. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया त्याच वाटेने गेले, २०२३ मध्ये टेक्सस आणि ओरेगन. टेक्ससची फी ३०० डॉलर, ओरेगनची ६००. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये ‘डिलीट अ‍ॅक्ट’ करून कायदा बराच कडक केला. नोंदणी अ‍ॅटर्नी जनरलकडून काढून राज्याच्या स्वतंत्र प्रायव्हसी एजन्सीकडे दिली. फी २०२४ मध्ये ४०० डॉलर होती, ती २०२५ मध्ये ६,६०० झाली. नोंदणी चुकवली तर दंड दिवसाला २०० डॉलर.

आपल्याकडे असे रजिस्टर नाही. डेटा विकणाऱ्याने कुठेतरी नाव लावावे, ही कल्पनाच इथल्या कायद्यात नाही. त्यामुळे कंपनीतल्या कोणालाही हा प्रश्न आपल्यासाठी आहे असे वाटले नाही, आणि त्यात नवल नाही.

‘महापेत कोण येणार?’

पहिल्या बैठकीत हाच सूर होता. मालकांचे म्हणणे असे की कॅलिफोर्नियाचा अधिकारी काही ट्रान्स-हार्बर लोकल पकडून घणसोलीला उतरणार नाही. ते खरेही आहे. पण पैसा महापेत तयार होत नाही, तो अमेरिकन ग्राहकाच्या खात्यातून येतो, आणि तो ग्राहक कॅलिफोर्नियाच्या हातात आहे. शिवाय करारात नुकसानभरपाईचे कलम होते: पुरवठादाराने कायदा मोडल्यामुळे ग्राहकाला भुर्दंड पडला तर तो पुरवठादार भरेल. ते कलम तीन वर्षांपूर्वी कोणीही नीट न वाचता सही केलेले.

कंपनीने ठाण्यातल्या नौपाड्यातल्या एका कंपनी सेक्रेटरींना आणि तासावर पैसे घेणाऱ्या एका अमेरिकन वकिलाला एकत्र बसवले. वकिलाने कॅलिफोर्नियाच्या कसोट्या समोर ठेवल्या. त्या राज्यात धंदा करणाऱ्या कंपनीची वार्षिक उलाढाल २ कोटी ६६ लाख २५ हजार डॉलरच्या वर असेल, किंवा ती वर्षाला तिथल्या एक लाख रहिवाशांची किंवा कुटुंबांची माहिती घेत-विकत असेल, किंवा तिचे निम्मे वा अधिक उत्पन्न माहिती विकण्यातून येत असेल, तर कायदा लागू. तिन्हींपैकी एकही पुरते. पहिल्या कसोटीच्या जवळपासही कंपनी नव्हती. दुसरी आणि तिसरी मात्र सरळ लागू होत होती. कार्यालय कुठे आहे हा प्रश्नच यात येत नाही.

‘आमची माहिती तर नोकरीधंद्याची आहे, खासगी नाही’ हा पुढचा बचाव. पूर्वी तो चालला असता. व्यावसायिक संपर्कांना कॅलिफोर्नियाने दिलेली सूट ३१ डिसेंबर २०२२ ला संपली. तेव्हापासून एखाद्या कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याचा ऑफिसचा ईमेलही त्याची वैयक्तिक माहितीच. नोव्हेंबर २०२४ मध्ये एजन्सीने नोंदणी न केलेल्या ज्या दोन कंपन्यांकडून ३४ ते ३५ हजार डॉलर वसूल केले, त्या याच धंद्यातल्या होत्या.

व्हरमाँट आणि ओरेगनमध्ये गणित वेगळे. तिथे माणसाच्या धंद्याशी किंवा पेशाशी संबंधित अशी सार्वजनिक माहिती कायद्यातून वगळली आहे. टेक्ससही सार्वजनिक माहिती मोजत नाही. कॅलिफोर्नियातही ‘सार्वजनिक’ माहिती वैयक्तिक माहितीत धरत नाहीत. मग आपला माल सार्वजनिक आहे का?

टीम लीडने मालकांना विचारले, “सर, रेकॉर्ड कुठून आला तो कॉलम आपल्याकडे आहे का?”

“सोर्सचा कॉलम असेल की.”

“आहे सर, पण त्यात सगळीकडे ‘वेब’ लिहिलंय.”

‘वेब’ म्हणजे काय

खरी मेख इथे होती आणि कंपनीचे सर्वांत जास्त कष्ट इथेच गेले. मास्टरमधून हजार रेकॉर्ड कसेही उचलले आणि सहा जणांना प्रत्येक रेकॉर्डचा उगम शोधायला बसवले. तुकड्यांच्या जुन्या फाइल, रिसर्चवाल्यांच्या शिफ्टच्या शीट, खरेदीची बिले, सगळे उपसले. चार पाळ्या गेल्या. निघाले ते असे.

साधारण चारशे रेकॉर्डना खरोखर सार्वजनिक पान सापडले: कंपनीच्या वेबसाइटवरचे ‘आमची टीम’, परिषदेचा कार्यक्रम, प्रसिद्धिपत्रक. तीनशेच्या आसपास रेकॉर्डमध्ये नाव आणि हुद्दा सार्वजनिक, पण ईमेल बांधलेला. म्हणजे त्या कंपनीत ‘नाव टिंब आडनाव’ असा पॅटर्न आहे हे हेरून ईमेल तयार करायचा, सर्व्हरला विचारून बाउन्स होत नाही ना ते पाहायचे, आणि ‘व्हेरिफाइड’ शिक्का मारायचा. हा धंद्याचा रोजचा हातखंडा आहे. पण तो ईमेल त्या माणसाने कुठेच प्रसिद्ध केलेला नाही, त्यामुळे ‘सार्वजनिक’च्या आड तो लपत नाही. उरलेल्यांपैकी दोनशे रेकॉर्ड इतर विक्रेत्यांकडून विकत घेतलेले होते आणि शंभराचा उगम लागलाच नाही.

विकत घेतलेल्या मालात पाणी मुरत होते. मोबाइल नंबर जवळपास सगळे तिथलेच होते. २०२१ मध्ये घेतलेल्या एका तुकडीत चाळीस हजारांच्या आसपास रेकॉर्डना घरचा पत्ता आणि वयोगट जोडलेला होता. तो कॉलम कंपनीने कधी विकला नव्हता, पण मास्टरमध्ये तो पडून होता आणि कोणाच्या लक्षात नव्हता. घरचे पत्ते हा नुसता नोंदणीचा मामला नाही. न्यू जर्सीत २०२० पासून असा कायदा आहे की न्यायाधीश, पोलीस, सरकारी वकील अशांनी मागणी केल्यावर त्यांचा घरचा पत्ता आणि प्रसिद्ध नसलेला फोन नंबर दहा कामकाजाच्या दिवसांत काढावा लागतो, नाही तर प्रत्येक उल्लंघनामागे हजार डॉलर. तिथे डेटा विकणाऱ्यांवर २०२४ पासून खटल्यांची रांग लागली आहे. घरचे पत्ते आणि वयोगट त्याच आठवड्यात पुसले, बॅकअपसकट. या एका निर्णयावर वाद झाला नाही.

दुसरी गोष्ट ‘इन्फो’ या मेलबॉक्समध्ये सापडली. वेबसाइटवर संपर्कासाठी तोच पत्ता होता आणि तो सेल्सचे लोक वाचत. चौदा महिन्यांत ‘माझे नाव काढा’ अशा अर्थाचे दीडएकशे ईमेल आले होते. सेल्सने नाव काढलेही होते, पण फक्त त्या मोहिमेच्या फाइलमधून. मास्टरमध्ये रेकॉर्ड तसाच होता आणि पुढच्या लिस्टमध्ये पुन्हा विकला गेला होता. कॅलिफोर्नियाचा कायदा मागणीची पोच दहा कामकाजाच्या दिवसांत आणि उत्तर ४५ दिवसांत मागतो. इथे कोणती मागणी कधी आली याची वहीच नव्हती.

समोर काय पर्याय होते

चार वाटा होत्या. गप्प बसण्याची वाट नुकसानभरपाईच्या कलमामुळे बंद झाली होती.

कॅलिफोर्निया सोडून देणे ही दुसरी. विक्रीतला साधारण सहावा हिस्सा जाईल, पण कटकट संपेल, असे सेल्सला वाटले. कागदावर हे सर्वांत स्वस्त होते. अडले ते राज्याच्या कॉलमवर. मास्टरमधले ‘राज्य’ म्हणजे कंपनीच्या मुख्य कार्यालयाचे राज्य. कायदा बघतो माणूस कुठे राहतो ते. ऑफिस टेक्ससमध्ये आणि माणूस सॅन दिएगोमधून घरून काम करणारा, असे रेकॉर्ड किती, हे कोणीच सांगू शकत नव्हते. फोन नंबरच्या एरिया कोडवरून अंदाज बांधून पाहिला. तोही निरुपयोगी, कारण अमेरिकेत लोक राज्य बदलतात आणि नंबर तोच ठेवतात. कॅलिफोर्नियाचे रेकॉर्ड गाळले असे लिहून द्यायचे आणि ते खोटे निघायचे, यापेक्षा न लिहिलेले बरे.

तिसरी वाट: रेडी लिस्ट बंद करून फक्त ऑर्डरीचे काम करायचे. मग कंपनी विक्रेता राहत नाही, ग्राहकासाठी काम करणारी सेवा होते. कायद्याच्या दृष्टीने ही सर्वांत स्वच्छ. पण तसा करार केला की एका ग्राहकासाठी जमवलेला रेकॉर्ड दुसऱ्याला देता येत नाही. नफ्याचा मुख्य झरा बंद. मालक यावर लगेच तयार होणे शक्य नव्हते.

चौथी, नोंदणी करायची आणि घर साफ करायचे. कंपनी इकडे वळली. या वाटेतही दोन ठिकाणी चांगलाच खल झाला.

उशिराची फी

कॅलिफोर्नियात ज्या वर्षी तुम्ही ब्रोकर होता, त्याच्या पुढच्या वर्षी ३१ जानेवारीपर्यंत नोंदणी करायची असते. २०२४ च्या धंद्याची मुदत ३१ जानेवारी २०२५ ला उलटून गेली होती. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत साडेनऊ महिने झाले होते. दिवसाला दोनशेने हिशेब केला तर दंडाचा आकडा ५७ हजार डॉलरच्या पुढे जात होता.

मालकांचा प्रश्न सरळ होता: दोन महिने थांबून जानेवारीत नव्याने नोंदणी केली तर? फी एकदाच भरावी लागेल आणि उशीर कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही. वकिलाचे म्हणणे असे की जानेवारीची नोंदणी मागचा उशीर पुसत नाही. नोंदणीचे रजिस्टर सर्वांना खुले असते, त्यात २०२५ चे पान रिकामे आणि २०२६ मध्ये अचानक नाव, हे उलट जास्त उठून दिसते. आपण होऊन उशिरा आलेल्याशी आणि पकडून आणलेल्याशी कोणताही नियामक सारखा वागत नाही, हे त्यांनी अनुभवाचे म्हणून सांगितले. हमी दिली नाही.

कंपनीने नोव्हेंबरात ६,६०० डॉलर भरले. त्या दिवशीच्या दराने पावणेसहा लाखांच्या आसपास रुपये. जानेवारीत पुन्हा सहा हजारांच्या घरातली रक्कम भरली. दोन महिन्यांत दोनदा. एप्रिलअखेर दंडाची नोटीस आलेली नाही. ती येणारच नाही, असे मात्र कोणी धरून चाललेले नाही.

टेक्ससची नोंदणीही त्याच पंधरवड्यात झाली. तिथे फी किरकोळ, पण दोन अटी आहेत. वेबसाइटवर ठळकपणे ‘ही कंपनी डेटा ब्रोकर आहे’ असे लिहावे लागते, आणि माहितीच्या सुरक्षेचा लेखी कार्यक्रम ठेवावा लागतो: कोण जबाबदार, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण कधी, कोणाला कोणता डेटा दिसतो, नोकरी सोडणाऱ्याचा लॉगिन कधी बंद होतो. सेल्सने पहिल्या अटीवर आकांडतांडव केले, ग्राहक पळतील म्हणून. एकही पळाला नाही. दुसऱ्या अटीने मात्र घाम फोडला, कारण तपासणीत सोडून गेलेल्या अकरा जणांचे लॉगिन चालू निघाले.

व्हरमाँट आणि ओरेगनसाठी कंपनीने नोंदणी टाळली. त्या दोन राज्यांच्या रेकॉर्डमधून विकत घेतलेले मोबाइल नंबर आणि बांधलेले ईमेल काढून टाकले, म्हणजे उरलेला माल धंद्याची सार्वजनिक माहिती या वगळणुकीत बसेल. सातशे डॉलर वाचले. ही बचत पटण्यासारखी नाही. जो राज्याचा कॉलम कॅलिफोर्नियासाठी भरवशाचा नाही म्हणून टाकून दिला, त्याच कॉलमवर इथे विसंबले गेले.

पुसण्याचे यंत्र

नोंदणी झाल्यावर खरे काम सुरू होते. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२६ पासून ‘ड्रॉप’ नावाची सोय उघडली. तिथला रहिवासी एकदाच अर्ज करतो आणि सगळ्या नोंदणीकृत ब्रोकरांना ‘माझी माहिती पुसा’ असा आदेश जातो. ब्रोकरांनी १ ऑगस्ट २०२६ पासून निदान दर ४५ दिवसांनी तिथली यादी उतरवून घ्यायची आणि जुळणारे रेकॉर्ड पुसायचे. २०२८ पासून दर तीन वर्षांनी बाहेरच्याकडून ऑडिट.

यादीत नावे-पत्ते उघडे नसतात. ईमेलची यादी वेगळी, फोनची वेगळी, नाव-जन्मतारीख-झिप (तिथला पिनकोड) यांची वेगळी, आणि सगळ्या हॅश केलेल्या, म्हणजे ठरलेल्या सूत्राने अशा अक्षरसाखळीत बदललेल्या की तिच्यावरून मूळ मजकूर वाचता येत नाही. ब्रोकरने आपल्या रेकॉर्डवर तसेच हॅश चालवून ताडून बघायचे. ऐकायला सोपे. महापेच्या डेव्हलपरने चाचणीसाठी पाचशे ओळखीच्या रेकॉर्डची बनावट यादी करून ताडली, तर ऐंशीच्या वर रेकॉर्ड जुळले नाहीत. कारण हॅश हा तंतोतंत मजकुरावर चालतो. ईमेलमध्ये एक अक्षर कॅपिटल असेल, शेवटी एक रिकामी जागा राहिली असेल, तर निघणारा हॅश पूर्ण वेगळा. फोनच्या रकान्यात कुठे अधिक-एक, कुठे कंस, कुठे ‘एक्स्टेन्शन २१४’ असे सगळे एकाच खान्यात. उपाय एवढाच की हॅशआधी सगळे एका साच्यात आणायचे: ईमेल लहान अक्षरांत, मोकळ्या जागा काढून; फोन फक्त दहा आकडे, एक्स्टेन्शन वेगळ्या कॉलमात. हे साफसफाईचे काम मास्टरवर एकदा आणि नवीन रेकॉर्ड आत येताना दर वेळी.

‘आत येताना’ महत्त्वाचे आहे. आज पुसलेला माणूस महिनाभराने रिसर्चच्या मुलीला पुन्हा एखाद्या वेबसाइटवर सापडतो आणि ती प्रामाणिकपणे त्याला पुन्हा भरते. कायद्याला हे चालत नाही. एकदा अर्ज केलेल्याची नवी माहितीही विकायची नाही. म्हणून पुसलेल्यांच्या हॅशची एक बंदीयादी ठेवली आणि एंट्रीच्या स्क्रीनवरच तपासणी बसवली. आधी ती रात्री एकदा चालत होती. त्यात दुपारी भरलेला रेकॉर्ड संध्याकाळच्या लिस्टमध्ये विकला जाण्याची फट राहत होती.

एक व्यवहाराची गोष्ट इथे सांगायला हवी. लोक अर्जात बहुधा घरचा ईमेल देतील, ऑफिसचा नाही. जन्मतारीख तर या कंपनीकडे नाहीच. त्यामुळे ईमेलवर जुळणी कमी होईल आणि खरी जुळणी मोबाइल नंबरवर होईल. विकत घेतलेल्या मोबाइल नंबरांवर कंपनीने एवढा भर ठेवावा का, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो. मार्चपासून नवीन मोबाइल तुकड्या घेणे थांबवले आहे. जुन्यांपैकी ज्यांचे बिल आणि उगमाचे लेखी हमीपत्र नाही त्या विक्रीतून काढल्या आहेत.

मागण्यांची वहीही सुरू झाली. कॅलिफोर्नियात दरवर्षी १ जुलैपर्यंत मागच्या वर्षीचे आकडे गोपनीयता धोरणात छापावे लागतात: किती मागण्या आल्या, किती मानल्या, किती नाकारल्या, उत्तराला सरासरी किती दिवस लागले. ‘इन्फो’ मेलबॉक्समधले जुने दीडशे ईमेल त्या वहीत पहिल्या दीडशे नोंदी म्हणून चढवले आणि सगळ्यांना उत्तरे गेली, काहींना वर्षभराने.

मध्येच घरचा कायदा

हे चालू असतानाच, नोव्हेंबर २०२५ च्या मध्यास, केंद्र सरकारने डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चे नियम राजपत्रात आणले. मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होतील. नौपाड्यातल्या कंपनी सेक्रेटरींनी दोन गोष्टी पुढे केल्या आणि दोन्ही अमेरिकन नोंदणीपेक्षा जड निघाल्या.

पहिली भारतीय लिस्ट. दीड लाख भारतीय लोकांची माहिती विकायला त्यांची संमती लागेल. ती मोकळी, विशिष्ट आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी. वाद झाला तर ती होती हे सिद्ध करण्याचे ओझे कंपनीवर. माणसाने स्वतः सार्वजनिक केलेली माहिती कायद्याबाहेर आहे, पण त्याच्या मालकाने वेबसाइटवर टाकलेली माहिती त्याने स्वतः टाकलेली नव्हे. इथेही पुन्हा उगमाचाच कॉलम. भारतीय लिस्टची विक्री डिसेंबरात थांबवली. उत्पन्न थोडे होते, म्हणून निर्णय सोपा गेला.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हा कायदा भारतात होणाऱ्या प्रक्रियेला लागू आहे; माहिती भारतीयाचीच हवी असे नाही. परदेशी माणसांच्या माहितीला सूट आहे, पण कलम १७ मध्ये ती सूट परदेशी पक्षाशी झालेल्या करारानुसार चालणाऱ्या कामाला आहे. त्यातही सुरक्षेची जबाबदारी सुटत नाही, आणि ती मोडल्यास दंडाची कमाल २५० कोटी. ऑर्डरीची लिस्ट या सुटीत बसते. रेडी लिस्ट कोणाच्या कराराने जमवली? कोणाच्याच नाही. आधी जमवली, मग गिऱ्हाईक शोधले. चाळीस लाख अमेरिकन रेकॉर्डचा मास्टर या सुटीत बसतो असे लिहून द्यायला कंपनी सेक्रेटरी तयार झाले नाहीत.

काय झाले

ग्राहकाने डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑर्डर पुन्हा सुरू केल्या. नव्या करारात दोन कलमे वाढली: नोंदणी चालू ठेवण्याचे, आणि माहिती चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया, क्यूबा, व्हेनेझुएलाकडे न जाऊ देण्याचे. दुसरे कलम एप्रिल २०२५ पासून लागू असलेल्या अमेरिकन न्याय विभागाच्या नियमातून आले आहे आणि आता ते अशा अमेरिकन करारांत दिसू लागले आहे.

मास्टर चाळीस लाखांवरून सव्वीस लाखांवर आला. ‘सोर्स’च्या खान्यात आता ‘वेब’ लिहिता येत नाही. पानाचा पत्ता, दिनांक आणि प्रकार भरल्याशिवाय रेकॉर्ड जतनच होत नाही. प्रकार चारच: सार्वजनिक, बांधलेला, विकत, ग्राहकाने दिलेला. रिसर्चचा वेग पहिल्या महिन्यात पाचव्या हिश्शाने घसरला आणि मुलांनी कुरकुर केली, कारण त्यांचे टार्गेट जुन्या वेगावर बसवलेले होते. टार्गेट कमी करायला मालकांना सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत काहींनी दिसेल तो पत्ता सोर्समध्ये चिकटवला. त्या काळातले रेकॉर्ड आता पुन्हा तपासावे लागत आहेत.

वेगळे काय करता आले असते

प्रश्नावलीचे उत्तर सेल्सने एकट्याने देऊ नये, हे उघड आहे. ‘तपासत आहोत, एकवीस दिवसांत कळवतो’ एवढे लिहिले असते तर ऑर्डर बहुधा थांबल्या नसत्या.

हजार रेकॉर्डची तपासणी वकिलाच्या पहिल्या तासाआधी व्हायला हवी होती. वकिलाचे पहिले पाच तास ‘तुमची माहिती सार्वजनिक आहे का’ याभोवती फिरले आणि त्याचे उत्तर कंपनीकडे नव्हते. चार पाळ्यांच्या पगारापेक्षा ते पाच तास कितीतरी महाग पडले.

व्हरमाँट आणि ओरेगनचे सातशे डॉलर भरून टाकायला हवे होते. पुढच्या जानेवारीत ते भरायचे ठरले आहे.

आणि टार्गेट. सोर्सचा नियम ज्या दिवशी लागू केला त्याच दिवशी टार्गेट खाली आणले असते, तर दुबार तपासणी टळली असती.

रेडी लिस्टचे काय, हे अजून ठरलेले नाही. एक प्रस्ताव असा आहे की ती ग्राहकांच्या वार्षिक कराराखाली आणायची: निकष आधी, जमवणे नंतर, आणि प्रत्येक ग्राहकाचा साठा वेगळा. सेल्सचा हिशेब सांगतो की त्यात रेकॉर्डमागचा दर अडीचपट करावा लागेल. दोन ग्राहकांपुढे तो दर ठेवला आहे. एकाने होकार कळवला आहे, दुसऱ्याचे उत्तर जूनमध्ये अपेक्षित आहे. मे २०२७ च्या आत सगळे करार बदलायचे तर पहिला मसुदा दिवाळीपूर्वी तयार लागेल.